निळ्या अळंब्यांचा ओंडका

१९९८ साली गणपती विसर्जन झालं आणि मी रजा काढून सांगलीहून हुबळीची एस.टी. पकडली. धारवाडच्या अप्पामामांचं पत्र आलं होतं : 'गुडघे ऐकत नाहीत. मोजायला ये.'

मोजायच्या होत्या अळंब्या. मामा वनस्पतिशास्त्राचे निवृत्त शिक्षक. रायापूरपलीकडच्या रानात एका ओंडक्यावर उगवणारी निळसर अळंबी त्यांना दुसरीकडे कुठेच सापडली नव्हती. दरवर्षी ते मोजून वहीत लिहीत. गेली दोन वर्षं मात्र शून्य.

धारवाड ओलांडून आधी हुबळीत उतरले आणि दुर्गदबैलच्या बाजारात अळंब्यांचा घेर मोजायला शिंप्याची टेप घेतली. तिथल्या हातगाड्यांतून वाट काढताना चपलेचा अंगठा तुटला. उणकलच्या तळ्याकाठून बस धारवाडकडे निघाली तेव्हा मी एक चप्पल हातात धरून बसले होते.

सकाळी मामीच्या चपला घालून मामांबरोबर रानात शिरले, तोच ठक्‌ ठक्‌ आवाज. आमच्याच ओंडक्यावर एक पन्नाशीची बाई कुऱ्हाड चालवत होती. कुजलेल्या टोकाला सात निळ्या छत्र्या प्रत्येक घावासरशी थरथरत होत्या.

मामा गुडघे विसरून धावले. "अक्का, थांबा! तोडू नका!" ते कानडीत ओरडले.

"का? तुमचं झाड आहे?"

"नाही, पण ही अणबे (अळंबी)..."

"कडू असते. खाऊन बघितलीय मी."

"खायला नको. नुसती बघायची आहे."

"आणि माझी चूल? ती बघून पेटते?"

मीच म्हणाले, "तुम्हाला हवं तेवढं सरपण आम्ही गोळा करून देतो."

दोन तास वाळक्या फांद्या वेचल्या. मोळी माझ्या डोक्यावरून दोनदा घसरली. ती बाई, यल्लव्वा, हसून हसून खालीच बसली. घरी पोचताच तिने ज्वारीची भाकरी, एण्णगाई (भरली वांगी) आणि शेंगाचटणी वाढली. "ऊटा माड्री (जेवा)!"

जेवताना मामांनी दोन वर्षांच्या शून्याचं दुःख सांगितलं. यल्लव्वाचा घास हातातच राहिला.

"दोन्ही वर्षं तुम्ही दसऱ्यानंतर आलात की, अज्जा. तोवर ती विरघळून जाते. मी रोज बघते ना! दोन्ही साली होती."

"गुडघ्यांनी उशीर केला," म्हणत मामांनी वही काढली. डोळे पुसले आणि दोन्ही शून्यांपुढे लिहिलं : 'होती. यल्लव्वाने पाहिली.'

"ओंडका राहू दे," यल्लव्वा म्हणाली. "पुढच्या साली उगवली की मीच निरोप धाडते."

परतीच्या बसमध्ये माझी मान वळत नव्हती. रोज त्या वाटेने जाणाऱ्या बाईला इतक्या वर्षांत कुणी काही विचारलंच नव्हतं. मीही विचारलं नसतं. तिची मोळी डोक्यावर आली म्हणून तिच्या घरापर्यंत गेले.