दोघींना चालणारी हाक

घरातून निघताना चप्पल सरकवत ती रोज म्हणायची, "आई, येते." आतून दोन उत्तरं यायची. स्वयंपाकघरातून सासूबाईंचं, खिडकीजवळच्या पलंगावरून आईचं. वडील गेल्यावर आई इथे राहायला आली, आणि सासूबाईंना तर ती लग्नापासूनच आई म्हणत असे. सासूबाईंना 'घ्या', आईला 'घे', एवढाच फरक. पण घाईत दोघींना चालतील अशीच वाक्यं तिच्या तोंडी बसली होती. एका हाकेत काम भागायचं.

त्या सकाळी तिने दारातून एवढंच जोडलं, "आई, चारला तयार राहा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय."

ऑफिसात तिला शंकाबाई म्हणत. शास्त्रज्ञांचे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर तिच्याकडे होता. प्रोग्रॅममध्ये एकाच नावाच्या दोन प्रोसिजर, म्हणजे हाक मारली की ठरलेलं काम करणारे तुकडे, असले तर कुठल्या हाकेला कोणी ओ द्यायची, हे ठरवणारा भाग तिने लिहिलेला.

दुपारी समुद्राच्या लाटांवर काम करणारा संशोधक लॅपटॉप उघडाच धरून आला.

"शंकाबाई, तुमचा कंपायलर अडून बसलाय. माझ्या दोन्ही 'सरासरी' म्हणे संदिग्ध आहेत."

तिने पाहिलं. "पहिलीला नुसती आकड्यांची रांग लागते. दुसरीला रांग आणि वर एक संख्या, पण ती दिली नाही तरी चालते. मग नुसती रांग दिली तर कोणी धावायचं?"

"मी तशी हाक मारणारच नाही."

"कंपायलर हाकेची वाट बघत नाही. दोघींना काय काय लागतं ते शेजारी ठेवून बघतो. पूर्णांक की अपूर्णांक, रांग की तक्ता, त्यातलं सक्तीचं काय. दोघींना लागू पडेल अशी एक जरी हाक निघत असेल, तर तिथेच थांबवतो."

"म्हणजे भांडणाआधीच पोलीस."

"ती संख्या सक्तीची करा, नाहीतर नाव बदला," ती जरा तोऱ्यातच म्हणाली.

चारला ती घरी पोचली तेव्हा दोघी सोफ्यावर तयार बसल्या होत्या. नंबर सासूबाईंचा होता. आईने केस नीट विंचरले होते, ठेवणीतले कपडे घातले होते, मांडीवर पर्स.

"आई, तू कुठे निघालीस?" तिच्या तोंडून निघून गेलं.

आईने पर्स उगाच उघडली, मिटली. "मला वाटलं, मला म्हणालीस. डोळा गळतोय ना माझा." मग हसली. "वेंधळीच मी."

डोळ्याचं आईने याआधी दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा ती "बघू" म्हणाली होती.

"तुम्ही कसल्या वेंधळ्या, विहीणबाई," सासूबाई म्हणाल्या. "ही 'राहा' म्हणाली. 'राहा' मलाही चालतं, तुम्हालाही."

तिचे कान तापले. आई उठून कपडे बदलायला गेली, आणि दार लावताना कडीचा आवाजही होऊ दिला नाही. सासूबाईंना घेऊन रिक्षात बसल्यावरही तिला तो न झालेला आवाजच ऐकू येत होता. दवाखान्यात तिने दुसऱ्या दिवसाचा नंबर लावला. नाव विचारल्यावर आईचं पूर्ण नाव सांगितलं. कितीतरी वर्षांनी ते तिच्या तोंडी आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. आई कालचेच कपडे घालून दाराशी आली. आईच्या तोंडाकडे बघणं तिला जमेना, म्हणून खाली वाकून आईच्या चपला सरळ करत ती म्हणाली,

"आई, चष्मा घेतलास का?"