सोनगडच्या बुरुजाआडचे शालिकआबा

शालिग्रामला आमच्या बमरोलीच्या कामगार वस्तीत शालिकआबा म्हणतात, म्हणजे ज्यांना त्याचं नाव आठवतं ते. धुळ्याकडून आला तेव्हा जेमतेम विशीचा होता. चाळीस वर्षं कापडाच्या लूमवर काढली, तीही बदली कारागीर म्हणून. कुणी लग्नाला गेलं, कुणाला ताप आला, की बोलवा शालिकला. स्वतःचं असं मशीन त्याला कधी मिळालं नाही. दोन वर्षांपूर्वी बायको, सुभद्राबाई, गेली. मुलगा पुण्याला, फोन करतो, सणावारी.

गेल्या पौषात आमच्या गल्लीच्या मंडळाने सोनगडची सहल काढली. किल्ला गायकवाडांचा, तीनशे वर्षांचा. वरून उकाई धरणाचं पाणी दिसतं, नजर पुरत नाही इतकं. पडकी तटबंदी, तळी, झाडीतून जाणाऱ्या पायवाटा. गल्लीतल्या पुष्पाबाईंनी मात्र पोचल्या पोचल्या भाकरी-ठेच्याचे डबे उघडले आणि कुणाची सून कुणाशी बोलत नाही हा इतिहास काढला. तो ऐकायला मीही मांडी ठोकून बसलो, खोटं कशाला सांगू?

शालिक एकटाच पायवाटेने पुढे गेला आणि एका बुरुजाआड पाणी बघत बसला. दुपार कलली तशी खालून वाल्मिकची शिट्टी वाजली. वाल्मिक मंडळाचा सेक्रेटरी. गळ्यात शिट्टी आली की त्याचा फौजदारच होतो. शालिक उठला, आणि पुन्हा बसला. हे त्यानेच मला महिन्याभराने सांगितलं, लाजत लाजत.

"म्हटलं, बघू तरी भो, आपल्याला कोण हाक मारतं. एकदा कुणी 'आबा' म्हटलं की निघायचं."

हाका भरपूर आल्या. "गायत्री, चप्पल घाल आधी!" "ओ ललितभाऊ, डबा राहिला तुमचा!" शालिक कान देऊन बसलेला. मग बस सुरू झाली, घाटाच्या वळणाला लागली, आणि आवाज थांबला.

बसमध्ये वाल्मिकने डोकी मोजली होती. बावन्न आलो होतो, बावन्न भरली. त्यातला एक ड्रायव्हरचा मेहुणा, वाटेतल्या बारडोलीपर्यंत जायला चढलेला, खिडकीशी बसून संत्रं सोलत होता. शालिकने जन्मभर दुसऱ्यांच्या जागा भरल्या. त्याची जागा भरायला दोन मिनिटं लागली.

बस परत येईल म्हणून तो बराच वेळ थांबला. दोन माकडं आली, त्याच्याकडे काही नाही हे बघून निघून गेली. शेवटी उतरला, स्टेशन गाठलं, घराकडे जाणारी उधन्याची गाडी पकडली. गाडीत उभ्या उभ्या त्याने भांडण पाठ केलं: "मला टाकून आलात! म्हातारा तिथंच मेला असता, म्हणजे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर वाल्मिकनेच विचारलं, "काय आबा, कशी झाली सहल?"

शालिकने कप खाली ठेवला. तोंड उघडणार, तेवढ्यात दूध घ्यायला आलेल्या पुष्पाबाई मध्ये पडल्या.

"त्यांना काय विचारतोस? येताना माझ्या मागेच होते की! सगळा रस्ता घोरत आले. माझे कान किटले!"

सगळे हसले. मीही हसलो.

शालिकने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं.

"हो ना ताई," तो म्हणाला. "डोळा लागला होता. फार त्रास झाला का तुम्हाला?"