ब्लॉग हलवताना काढलेलं भंगार

बारा वर्षं मी एक ब्लॉग लिहितोय. विषय घरचेच. सासुरवाडीला जाताना जीपच्या टपावर कसा बसलो, गच्चीवरची टाकी कशी वाहिली, लग्नातला कोट पंचवीस वर्षांनी घालायला गेलो तर काय झालं. वाळूजच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळण्यात माझं आयुष्य गेलं. तिथं माझ्या सहीशिवाय एक नटबोल्ट बाहेर पडत नाही, पण माझं बोलणं ऐकायला कुणी दोन मिनिटं थांबत नाही. म्हणून लिहायला लागलो. जागा फुकटची होती. इंटरनेटवर अशा जागा मिळतात. आपण फक्त नाव घालायचं आणि लिहीत सुटायचं. वाचक मोजकेच होते, पण प्रेमळ. लेखाखाली कमेंट टाकायचे, मी प्रत्येकाला ‘धन्यवाद’ म्हणायचो. बारा वर्षं धन्यवाद म्हणत होतो.

सगळ्यात पक्की वाचक माझी बायको. दहावी झालेली, गंगापूरकडची. माझ्या तोंडावर तिनं कधी लेखाबद्दल चकार शब्द काढला नाही. लेख टाकला त्या दिवशी जेवायला वाढताना मी दोन-तीनदा खाकरून बघायचो. ती आणखी भाजी हवी का विचारायची. तिचं वाचन व्हायचं पाण्याच्या दिवशी. आमच्या सिडकोत नळाला रोज पाणी येत नाही, पाच-सहा दिवसांनी येतं, आणि आलं की कुणीतरी गच्चीवर टाकीपाशी बसावं लागतं. ती बसायची. हातात माझा जुना फोन. टाकी भरेपर्यंत मागचा लेख वाचायची आणि खाली कमेंट लिहायची.

तिच्या कमेंटी म्हणजे दुरुस्त्या होत्या. मी लिहिलं होतं की जीपमध्ये एका म्हातारीला माझी जागा दिली आणि स्वतः टपावर बसलो. तिनं खाली लिहिलं, ‘म्हातारीला जागा तुम्ही दिली नाही. तुम्हाला मळमळत होतं म्हणून ड्रायव्हरनं वर बसवलं.’ टाकीच्या लेखाखाली, ‘व्हॉल्व्ह खराब नव्हता. बंद करायला सांगितला होता तेव्हा तुम्ही मॅच बघत होता.’ आणि बहुतेक वेळा शेवटी, ‘बाकी बरं लिहिलंय.’ त्या तीन शब्दांसाठी मी पुढचा लेख लिहायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

जुन्या फोनमध्ये लॉगिन माझंच होतं. त्यामुळं तिच्या प्रत्येक कमेंटीवर नाव माझं यायचं. मुलगी कॉलेजात होती तेव्हापासून म्हणायची, बाबा, आईला वेगळा मेल काढून द्या, पाच मिनिटांचं काम आहे. मी म्हणायचो, एकाच घरात दोन कशाला? फ्लॅट माझ्या नावावर, गॅस माझ्या नावावर, लाइट बिल माझ्या नावावर, तिच्या फोनचं सिमसुद्धा माझ्याच आधारकार्डावर घेतलेलं. त्यात एका मेलची काय मोठी गोष्ट. तिनंही कधी मागितला नाही.

यातून एक गंमत झाली. लेखक स्वतःच लेख लिहितो आणि खाली स्वतःच स्वतःला खोटं पाडतो, असं वाचकांना वाटायचं. एकानं लिहिलं की बायकोच्या आवाजातल्या तुमच्या कमेंटी मूळ लेखापेक्षा भारी असतात, काय शैली सापडलीय तुम्हाला. मी त्याला लिहिलं, ‘धन्यवाद.’ पुढच्या पाण्याच्या दिवशी तिनं ते वाचलं. खाली येऊन म्हणाली, “घ्या. माझं कौतुक पण तुमच्याच नावावर लावून घेतलं.” आणि हसली. मीही हसलो. दोन दिवस ही गोष्ट मी कंपनीत सांगत फिरत होतो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती गेली. अकरा दिवसांचं आजारपण. त्याबद्दल मी ब्लॉगवर काही लिहिलं नाही, इथंही लिहीत नाही.

मुलगी पुण्यात नोकरी करते. दिवसकार्य आटोपून परत गेल्यावर महिन्याभरानं तिचा फोन आला. ऑफिसच्या बसमध्ये ती आईच्या कमेंटी वाचते म्हणाली. रोज एक. मुद्दाम पुरवून पुरवून, कारण संपल्या की नवीन येणार नाहीत. मग म्हणाली, आईनं लिहिलेलं आपल्याकडं दुसरं आहेच काय? डब्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, मेतकूट आणि जवसाची चटणी. बाकी सगळी आई तिथंच आहे. तिनं कुठंतरी वाचलं होतं की अशीच एक फुकटची साइट बंद पडली आणि लोकांचं वर्षानुवर्षांचं लिखाण एका दिवसात गेलं. “ती जागा आपली नाही, बाबा,” ती म्हणाली. “आईचं तेवढं आपल्या जागेत आणून ठेवा.”

तर ब्लॉग हलवायचं कारण हे. माझे लेख वाचवायचे नव्हते. कोटाच्या लेखाशिवाय जग चाललं असतं.

मुलगी म्हणाली मी करून देते, पण मी ऐकलं नाही. बारा वर्षं स्टोअरचं कॉम्प्युटर खातं सांभाळलेला माणूस मी, एवढं जमणार नाही का? दोन रविवार बसलो. स्वतःची जागा म्हणजे तीही भाड्याचीच असते, एवढाच फरक की किल्ली आपल्याकडं राहते. नाव नोंदवलं, जागा घेतली, तिथं ब्लॉगचा सांगाडा उभा केला. पहिल्यांदा साइट उघडली तर माझ्या नावाखाली एका गोऱ्या बाईचा कॉफी पितानाचा फोटो. तो नमुन्यादाखल आलेला होता आणि तो काढायला मला आख्खी दुपार लागली. घरात बऱ्याच महिन्यांनी कुणी बाई दिसली, तीही जायला तयार नाही, असा विनोद मनात आला. सांगायला कुणी नव्हतं.

मग जुन्या जागेवरून सामान उचलायचं. त्याची रीत अशी की आधी सगळं एका फाइलमध्ये बांधून आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं आणि ती फाइल नव्या जागेत उलगडायची. पाहिजे ती साफसफाई नंतर करायची. सूचनांमध्ये हे पहिल्याच ओळीत होतं. पण मी घर हलवतात तसा ब्लॉग हलवायला निघालो होतो. आम्ही हर्सूलच्या भाड्याच्या खोल्या सोडून सिडकोत आलो तेव्हा बायकोनं आठ दिवस आधी भंगारवाला बोलावला होता. फुटक्या बादल्या, जुने पेपर, माझे बंद पडलेले दोन रेडिओ. नव्या घरात कचरा न्यायचा नाही, हा तिचा नियम. मी रेडिओसाठी बराच भांडलो होतो आणि हरलो होतो.

तेव्हा मी आधी भंगार काढलं. जाहिरातीच्या कमेंटी काढल्या. कुणीतरी परदेशी भाषेत टाकलेल्या काढल्या. मग मला आठवलं माझं धन्यवाद. लेखाच्या खाली लोक चार शब्द लिहितात आणि मधे मधे हा माणूस पानसुपारी वाटत फिरतोय. ते वाचायलाही नको वाटायचं. जुन्या जागेवर नावानुसार कमेंटी वेगळ्या काढायची सोय होती. मी माझं नाव घातलं. धन्यवाद, धन्यवाद, मनापासून आभार, हा हा धन्यवाद. अलीकडच्या कमेंटी आधी दिसत होत्या. तीन पानं खाली गेलो, चार पानं गेलो, सगळं तेच. वर चौकोनात खूण केली, सगळं निवडलं आणि काढून टाकलं. नक्की ना, असं त्यानं विचारलं. मी हो म्हणालो.

मग फाइल बांधली, नव्या जागेत उलगडली. लेख आले, फोटो आले, लोकांच्या कमेंटीही आल्या. दोन बिऱ्हाडं कशाला म्हणून जुना ब्लॉगही काढून टाकला. मुलीला मेसेज केला, ‘आईला नव्या घरात आणलं.’

अर्ध्या तासात तिचा फोन.

“बाबा, आईच्या कमेंटी कुठंयत?”

मी म्हणालो, असतील खाली, नीट बघ. ती म्हणाली खाली लोकांच्या आहेत, आईची एकही नाही, मी पंधरा लेख उघडून बघितले. मी जरा चिडूनच म्हणालो की वर शोधायची जागा दिलीय, तिथं आईचं नाव टाक.

ती म्हणाली, “आईच्या नावानं काहीच नव्हतं, बाबा. सगळं तुमच्या नावानं होतं.”

हे मला माहीत नव्हतं का? होतं. मीच तर ते फोनमध्ये घालून दिलं होतं, त्यावरून हसलोही होतो. पण ती वाक्यं वाचताना मला त्यांच्या वर माझं नाव कधी दिसलंच नाही. मला तीच दिसायची, गच्चीवर टाकीला टेकून बसलेली. धन्यवादांचा ढीग पुढ्यात होता तेव्हा तिचं त्यात काही असेल, हे डोक्यातच आलं नाही. माझ्या नावाखाली माझंच असणार, असं धरून चाललो.

मग पुढचे आठ दिवस आम्ही करता येण्यासारखं सगळं केलं. काढून टाकलेला जुना ब्लॉग मुलीनं परत उघडून घेतला; तशी काही दिवसांची सवड असते. लेख परत आले, खालची जागा मोकळीच. ब्लॉग काढला तर परत मिळतो, कमेंट काढली तर मिळत नाही. इंटरनेटवर जुन्या पानांच्या नकला ठेवणाऱ्या जागा असतात, तिथंही तिनं शोधलं. माझी दोन-तीन पानं सापडली. त्यांवर कोटाचा फोटो स्वच्छ दिसत होता. कमेंट आली की ब्लॉगच्या मालकाला मेल येतो, ते मेल असतील म्हणून मी आशेनं बसलो. पण मालकानंच लिहिलेल्या कमेंटीचा मेल मालकाला येत नसतो. त्या साइटच्या दृष्टीनं माझ्या घरात एकच माणूस राहत होता.

शनिवारी मुलगी आली. रडली नाही, रागावलीही नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. बॅग ठेवून तिनं वही काढली आणि म्हणाली, आठवतील तेवढ्या लिहून काढू. जेवायच्या टेबलावर आम्ही दोघं समोरासमोर बसलो. तिला पंधरा-वीस आठवत होत्या, तुटक तुटक. मी जीपची सांगितली. तिनं लिहिली, वाचली आणि पेन खाली ठेवलं.

“हे आई नाही बोलत,” ती म्हणाली. “हे तुम्ही बोलताय.”

मी पुन्हा सांगून बघितली. आई ड्रायव्हर म्हणायची नाही, जीपवाला म्हणायची, असं ती म्हणाली. मग म्हणाली, आणि एवढं सरळ वाक्यसुद्धा नव्हतं. कसं होतं ते तिलाही सांगता येईना. मी आणखी दोन सांगितल्या, त्यांचंही तेच. बारा वर्षं मी ती वाक्यं कंपनीत, लग्नात, बसमध्ये सांगितली होती, आणि दर वेळी थोडी घासूनपुसून. तिची म्हणून वर मी जी वाक्यं दिली आहेत तीही तशीच समजा. मुलीला ती मान्य नाहीत.

वहीत तिनं लेखांची यादी केली होती, त्यात एक लेख राहिला होता. आमच्या पाहण्याच्या कार्यक्रमाचा. तो मी फार रंगवून लिहिला होता. मामांची बडबड, पोह्यात आलेला दात मोडणारा खडा, आणि खाली मान घालून बसलेली मुलगी, जिनं विचारलेल्या एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. माझ्या सगळ्या लेखांत लोकांना तो जास्त आवडतो. त्याच्या खाली बायकोनं सगळ्यात लांब कमेंट लिहिली होती. आठ-दहा ओळी तरी असतील. एरवी तिच्या दोन व्हायच्या. मुलीनं ती वाचली नव्हती. लांब दिसली म्हणून शेवटी वाचायला ठेवली होती.

“त्यात काय होतं?” तिनं विचारलं.

ती कमेंट मी वाळूजहून परतताना कंपनीच्या बसमध्ये बघितली होती. लांब आहे, घरी जाऊन निवांत वाचू, असं म्हणून वरवर नजर टाकली. नंतर वाचली का? वाचली असेन. शेवटी ‘बाकी बरं लिहिलंय’ नव्हतं एवढं आठवतंय, कारण ते मी शोधलं होतं. शाळेबद्दल काहीतरी होतं की काय. की तिच्या वडलांबद्दल.

मी म्हणालो, पोह्यांबद्दल असेल.

“दहा ओळी, बाबा?”

मी टेबलावरचं पाणी पुसत बसलो. तिनं वही मिटून बॅगेत ठेवली आणि आईच्या मोठ्या कुकरचं झाकण मिळत नाही, ते शोधायला आत गेली.

तो लेख नव्या जागेवर आहे. काढून टाकावा असं दोन-तीनदा वाटलं, पण आता काही काढून टाकायला हात धजत नाही. लोक अजून वाचतात, हसतात. मागच्या आठवड्यात एका नव्या वाचकानं खाली लिहिलंय की लेख झकास आहे, पण त्या दिवशी वहिनींच्या मनात काय चाललं होतं तेही एकदा कळायला हवं.

त्यांना मी अजून ‘धन्यवाद’ लिहिलेलं नाही.