चार कोपऱ्यांची हळद

हळदीला जीवशास्त्रात नेऊन बसवणारा माणूस अख्ख्या कामरगावात एकच, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. हे आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान. विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण शिकवायचे काही थांबले नाहीत. सूक्ष्मदर्शक घेतल्याशिवाय ते पंगतीला जात नसत. धनजच्या एका लग्नात त्यांनी मठ्ठ्याचा थेंब काचेवर घेऊन शेजारच्याला त्यातले जंतू दाखवले आणि अर्धी पंगत मठ्ठा न पिताच उठली. ताई त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही. भाऊजींना ते संध्याकाळपर्यंत कळलंही नाही.

पुढे ताईला रक्ताचा कर्करोग झाला आणि भाऊजींनी मठ्ठा सोडून आरएनए धरला. डॉक्टरांना विचारून, मोबाइलवर वाचून जे कळे ते दारात येईल त्याला सांगत. एकदा शेजारी लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. भाऊजींनी पत्रिकेच्या हळद लावलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हळद पाहून आमी पत्रिका देवापाशी ठेवतो. कोणी गेल्यावर तेरवीचं पत्र येते, त्याले हळद नसते, ते वाचून बाहेरच फाडतो. पेशीतबी असंच हाये. जनुकाचा निरोप आरएनए घेऊन येते, त्याच्यावर रसायनाच्या बारीक खुणा असतात. कोणता निरोप ठेवायचा, कोणता फाडायचा, हे पेशी त्याच्यावरून ठरवते. हिच्या रक्तात त्या खुणाच चुकल्या. फाडायचे निरोप ठेवून राह्यल्या पेशी."

शेजाऱ्यांचा चहा निवून गेला होता. "मंग औषध?" त्यांनी हळूच विचारलं.

"शोधून राह्यले," भाऊजी म्हणाले.

आतून ताईचा आवाज आला, "त्याईले जाऊ द्या आता. अजून धा घरं राह्यले असतीन."

औषध वेळेत सापडलं नाही. माघात ताई गेली.

तेरवीचं पत्र मला वाशीमला पोस्टाने आलं. रीतीप्रमाणे दाराबाहेर उभं राहूनच वाचलं, फाडायला दोन्ही हातांत धरलं आणि थांबलो. चारही कोपऱ्यांना हळद लावलेली होती. नातेवाइकांत एकच गहजब झाला. रिठदच्या काकांनी तर फोनवर भाऊजींना चांगलंच फैलावर घेतलं. तेरवीला गेल्यावर मीही विचारलं, "भाऊजी, हे काहून केलं?"

चष्मा पुसत ते म्हणाले, "हळद नसती तं तू फाडलं असतं. तिचं नाव होतं त्याच्यावर."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

पत्र माझ्या देवघरात आहे. हळद उडत चालली की मी पुन्हा लावतो.