रस्त्यात बसणारे भाऊजी

आमचे भाऊजी रस्त्यात बसायचे. कडेला नव्हे, भर रस्त्यात, जिथून गाड्यांची चाकं जातात नेमके तिथे. पुढे-मागे एकेक माणूस लाल झेंडी धरून उभा, आणि मध्ये भाऊजी गुडघे टेकून. पितळी मापातली बारीक वाळू डांबरावर ओतायची, रबर लावलेल्या लाकडी चकतीने ती गोल गोल पसरायची, मग त्या गोलाला पट्टी लावून आकडा वहीत टिपायचा. ताईच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांना असं बसलेलं पाहिलं आणि घरी येऊन आईला सांगितलं, की जावई चांगला मिळाला, फक्त उन्हात ठेवू नका.

प्रल्हादराव त्यांचं नाव. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक. खडी किती दाबाला फुटते, डांबर किती उन्हात पातळ होतं, हे पाहण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली. पुढे तिथल्या एका मॅडमनी आपल्या भागातल्या रस्त्यांवर गाड्या का घसरतात यावर संशोधन सुरू केलं आणि भाऊजी प्रयोगशाळेतून रस्त्यावर आले. कुणी कौतुक केलं की म्हणायचे, "संशोधन मॅडमचं, गुडघे माहे."

मी विज्ञानात दोनदा नापास होऊन कारंज्यात झेरॉक्सचं दुकान टाकलेला माणूस. पण वाळूचं गणित त्यांनी मलाही समजावलं, तेही जेवता जेवता. "पाह्य दिलीप, वाळूचं माप एकच. रस्ता खरबरीत असन तं वाळू फटीत उतरते, गोल वाटीएवढा येते. तो रस्ता चाकाले धरते. अन् गोल परातीएवढा आला तं समज, तो रस्ता चाकाले सोडते." तेव्हापासून ताईच्या पोळीकडेही मी संशयाने पाहू लागलो.

एकदा मंगरूळपीरच्या रस्त्यावर त्यांनी एसटी अडवली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ काका, रांगोळीले अंगण नाही भेटलं का घरी?" भाऊजींनी मानही वर केली नाही. म्हणाले, "तुमचं चाक इथं घसरलं तं रांगोळी नाही लागत, बावा. पांढरं कापड लागते." गाडीतले लोक हसता हसता थांबले. ड्रायव्हरने मुकाट्याने इंजिन बंद केलं आणि गोल पूर्ण होईपर्यंत वाट पाहिली.

दुसरं एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम असायचं, "डोयानं पाहिलं तेच लिवायचं." वहीत खाडाखोड चालायची नाही. आकडा मनासारखा आला नाही म्हणून परत मोजणाऱ्याला ते माणसातच धरत नसत. 

माझा धाकटा भाऊ संजू आसेगावकडून आमच्या गावाला वळणाऱ्या रस्त्यावर अपघातात गेला. वळण, वळणाला लागून अरुंद पूल, आणि सकाळची वेळ. मोटारसायकल घसरली, एवढंच. शेतातल्या मोटारी दुरुस्त करायचा तो. पंचक्रोशीत अशी विहीर नव्हती जिच्यात तो उतरला नव्हता. आम्ही त्या जागेवर कमरेएवढा ओटा बांधला, वर संगमरवरात त्याचा फोटो. सिमेंटचा मसाला भाऊजींनी स्वतः कालवला, पाणी मापून. कालवताना ते रडत होते आणि तरी माप चुकू देत नव्हते.

पुढे येणारा-जाणारा त्या ओट्याला नमस्कार करू लागला. कुणी तरी शेजारी शेंदूर लावलेला दगड आणून ठेवला, मग संजूला न ओळखणारेही करू लागले. पहिला हात अर्थातच माझा. गाडीवरून जाताना उजवा हात सुटायचा आणि कपाळाला लागायचा. त्यात मला भावाशी दोन शब्द बोलल्यासारखं वाटायचं. आईला तर गावातलं कुणी येऊन सांगायचं, "आज संजूले रामराम केला बाप्पा," तेवढ्यावर तिला दोन घास जायचे.

दोन वर्षांनी मॅडमचं संशोधन फिरत फिरत आमच्या त्या रस्त्यावर आलं. भाऊजींनी वळणावर वाळू पसरली. गोल परातीच्याही बाहेर गेला. पण ते तेवढ्यावर उठले नाहीत. तीन दिवस पुलाजवळच्या बाभळीखाली वही घेऊन बसले आणि चौथ्या दिवशी माझ्या दुकानात आले. वहीत दोन रकाने होते. एकावर लिहिलं होतं 'हात हँडलवर', दुसऱ्यावर 'हात कपाळावर'. दुसरा रकाना लांब होता.

"दिलीप, तिथं वळण हाये. डांबर घासून घासून गुळगुळीत झालं हाये. अन् नेमकं तिथंच मानूस उजवा हात काढते. ब्रेकचा हात."

"मंग?"

"डांबराचं मॅडम लिवतीन. ओटा आपल्याले हलवा लागन."

दुकानात चार गिऱ्हाईकं होती. त्यांच्यासमोर मी ओरडलो, "एकदा उचललं संजूले आमी तिथून. आता तुमच्या वाळूपायी पुन्हा उचलू का?" भाऊजींनी वही मिटली. पाण्याचा पेला भरून ठेवला होता, तो तसाच राहिला. मी घरी जाऊन आईला सगळं सांगितलं, वर पदरचं तिखटमीठही लावलं. त्या कलेत मी कधी नापास झालो नाही. आई म्हणाली, "जवाईबापूले सांग, माह्या लेकाची जागा मोजू नका म्हना."

त्यानंतर वर्षभर भाऊजी आमच्या घरी जेवले नाहीत. सुटीच्या दिवशी ताईला फाट्यावर सोडायचे आणि स्वतः पुलाजवळ जाऊन थांबायचे. मोटारसायकल दिसली की उठून दोन्ही मुठी पुढे धरायचे, हँडल धरल्यासारख्या. लोक हसायचे. गावात त्यांना 'मुठीवाले जवाई' असं नाव पडलं. मी त्यांच्यासमोरून जायचो तेव्हा मुद्दाम, त्यांच्याकडे पाहत, हात कपाळाला लावायचो. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. ते मुठी तशाच धरून उभे असायचे.

मग एका कामाच्या दिवशी, भाऊजी तिथे नसताना, जऊळक्याचा एक तरुण त्याच जागी गाडी घसरून गेला. आमच्या नात्यागोत्यातला नव्हता. शेळ्या चारणाऱ्या एका बाईने पाहिलं होतं. ती म्हणाली, "हात कपायावर होता त्याचा."

महिन्याभराने त्याची आई आमच्या घरी आली. सोबत तिचा भाऊ होता. तिने पाणी घेतलं नाही. माझ्या आईपुढे पदर पसरून म्हणाली, "बाई, तुमच्या लेकाच्या ओट्याशेजारी माह्या लेकाले हातभर जागा द्या. तुमचा हाये तिथं, तं माहा एकटा नाही राहनार."

आई त्या पदराकडे पाहत राहिली. मला वाटलं, हो म्हणेल. अशा मागण्याला आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. तिने त्या बाईचे दोन्ही हात धरले. "नाही बाई. दोन झाले तं दुप्पट लोक हात जोडतीन. तिथं आता एकही नको." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "जवाईबापूले फोन लाव. छन्नी-हातोडा घेऊन या म्हना."

भाऊजी दुसऱ्याच दिवशी आले. ओटा फुटता फुटेना. दुपार झाली, हाताला फोड आले. मध्येच हातोडा खाली ठेवून ते म्हणाले, "इतका पक्का कायले कालवला असन म्या?" संगमरवर त्यांनी एकही टवका न उडवता काढला, तो आता आमच्या अंगणात, तुळशीजवळ आहे. शेंदराचा दगड गावच्या मारुतीला नेऊन ठेवला. संध्याकाळी आईने त्यांना वाढलं. माफी कुणी मागितली नाही. आईने फक्त त्यांच्या ताटात तीनदा तूप घातलं आणि त्यांनी तीनदा घालू दिलं. पुढच्या काही महिन्यांत, मॅडमच्या अहवालानंतर, वळणावरचं डांबर खरवडून खडीचा नवा थरही पडला.

त्यानंतर भाऊजी फार दिवस राहिले नाहीत. मूत्रपिंडं गेली होती. अकोल्याच्या दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांनी मला एक काम सांगितलं, "एक सकाळ पुलावर बस अन् मोजून ये."

मी बसलो. वळणावर आता ओटा नव्हता, दगड नव्हता, नुसतं गवत होतं. तरी हात उठत होते. सगळ्यांचे नाहीत, पण उठत होते. त्या रिकाम्या गवताला लोक नमस्कार करून पुढे जात होते. मी एकेक रेघ ओढत गेलो आणि अकोल्याला पोहोचेपर्यंत ठरवून टाकलं, की हे सांगायचं नाही.

"किती?" भाऊजींनी विचारलं.

"एकही नाही, भाऊजी. सगळ्यायचे हात हँडलवर."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"मंग तू गेलाच नाही."

ताई माझ्याकडे पाहू लागली. मी खिशातून कागद काढला आणि होता तो आकडा वाचून दाखवला. पूर्वीच्या निम्म्याहून कमी. भाऊजींचा चेहरा सैल झाला. "हं. हे खरं वाटते. सवय हाये लोकायची, हळूहळू जाईन." मग डोळे मिटूनच म्हणाले, "अन् तुहा हात?"

मी नजर कागदावरच ठेवली. त्या सकाळी मोजायला जातानाच, बाभळीपर्यंत पोहोचायच्या आधी, माझा हात कपाळाला लागून गेला होता. तो मी मोजला नव्हता.

"लिव मंग," भाऊजी म्हणाले. ताईने पर्समधून पेन दिलं. मी कागद त्यांच्या पलंगाच्या काठावर ठेवून एक रेघ वाढवली. त्यांनी ती पाहिली आणि कागद घडी करून उशीखाली ठेवला.

चौथ्या दिवशी ते गेले. वाशीमला त्यांच्या घरी सगळं आटोपून मी एकटाच गाडीवरून गावाकडे निघालो. वळण आलं. उजवा हात आपोआप सुटायला लागला. मी मूठ आवळली. नव्या खडीवरून चाक खरखरत गेलं, कुठेही न सरकता. डोळे भरले होते, पण पुसायला हात सोडला नाही. भाऊजी असते तर दोन शिव्या घातल्या असत्या, की अरे बावळ्या, दिसत नसन तं गाडी थांबवावी. म्हणून पूल ओलांडून गाडी कडेला घेतली, किल्ली फिरवली, स्टँडवर लावली. मग रस्त्याकडे पाठ करून डोळे पुसले. संजूला त्या दिवशी मी नमस्कार केला नाही.