पाय उचला जी

देवीवर माझा राग होता, हे आधीच कबूल करतो. आमच्या जुन्या गाडीचं इंजिन यवतमाळच्या गॅरेजमध्ये उघडून पडलं होतं, तेव्हा बायको आजारपणात खाटेवरून रोज विचारायची, "झालं का जी इंजिन?" गाडी सुरू झाली की पहिली फेरी केळापूरच्या जगदंबेला, असं ती देवीला बोलून बसली होती. ओटीची हिरवी साडीही तिनं स्वतःच आणून ठेवली होती. इंजिन बांधून झालं, आणि तिच्या तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीचा फोन आला, "काका, गाडी घेऊन जा." त्या बिचाऱ्याला मी फोनवर काय काय बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चार महिने गाडी बाभुळगावच्या अंगणात नुसती उभी होती. मुलगी म्हणाली, विकून टाका. मी मनाशी ठरवलं, एकदा जाऊन साडी देऊन यायची. गाडी वाटेत अडली तर देवीलाच आपण नको आहोत असं समजायचं, गाडी विकायची आणि पुन्हा तिच्या दारी जायचं नाही. एकटा पडलेला माणूस देवाशीसुद्धा भांडण उकरून काढतो.

मिस्त्रीनं बजावलं होतं, "पिस्टनच्या नव्या रिंगा बसू द्या काका. हजार किलोमीटर तरी पन्नासच्या वर नेऊ नका, अन् चढावर ताणू नका." त्यामुळे मी बैलगाडीसारखा निघालो. बाजूच्या सीटवर साडी ठेवली होती. ती सीट मला बघवत नव्हती आणि नजर तिकडेच जात होती. पांढरकवडा दहाएक किलोमीटरवर आलं तेव्हा चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी काही पुढे ओढेना. जळका वास आला. झालं, म्हटलं, मिळालं उत्तर. मला वाटलं होतं, राग येईल. पण मी साडीवर हात ठेवला आणि गाडी बाजूला घेतली.

कडेला पंक्चरचं दुकान होतं. चाळिशीची एक बाई टायर खोलत होती. तिनं वास घेतला, हात पुसले आणि साडी उचलून मांडीवर घेत बाजूच्या सीटवर बसली. "चालवा बरं थोडी, मले पाहू द्या." मी गाडी जेमतेम वीस पावलं नेली असेन. ती माझ्या पायाकडे बघत होती.

"पाय उचला जी," ती म्हणाली.

मी गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडलो. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची माझी खोड तीस वर्षांची. बायको शेजारी बसून माझ्या डाव्या गुडघ्यावर टिचकी मारायची आणि हेच तीन शब्द म्हणायची. आमच्याकडे 'जी' कोणीही कोणालाही म्हणतं, मला ठाऊक आहे. तरीही ते शब्द त्याच सीटवरून आले होते.

बाई साडी सीटवर ठेवून खाली उतरली. गाडी थंड होऊ दिली. मग बॉनेट उघडून क्लचच्या वायरचा नट थोडा सैल केला. "वायर लय ताणलेली होती, अन् वरून तुमचा पाय. क्लचची प्लेट घसरन नाही तं काय होईन? गिअर टाकला का सोडून द्या. धरून कायले ठेवता?"

केळापूरला पोचलो तेव्हा गाभाऱ्यासमोर गर्दी नव्हती. पुजाऱ्यांनी साडीला हात लावला आणि माझी बोटं काही सुटेनात. बायकोनं स्वतःच्या हातानं निवडलेली ही शेवटची वस्तू. दिल्यावर माझ्याकडे काय उरणार होतं? पुजारी हळूच म्हणाले, "सोडा ना, काका."

मी सोडली. त्यांनी घडी मोडून साडी देवीच्या खांद्यावर पांघरली. देवीच्या अंगावर तो हिरवा रंग उठून आला, आणि बायकोनं तोच का निवडला होता ते मला तेव्हा दिसलं. मी हात जोडले. मागितलं काहीच नाही.

परतताना बाजूची सीट रिकामी होती. चढ आला की माझा डावा पाय आपोआप क्लचकडे जातो, अजूनही. मग मीच गुडघ्यावर टिचकी मारतो आणि पाय उचलतो.