पोट भरलेल्या गाईची पसंती

पहाटे येवल्याहून निघालो तेव्हा पिकअपमध्ये आम्ही तिघे होतो. पुढे दाजी आणि मी, मागे चंद्री. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान आणि चंद्री म्हणजे ताईच्या चार गाईंतली सर्वांत चोखंदळ. लोक गाय घेऊन बाजाराला जातात, फार तर दवाखान्यात जातात. आम्ही तिला कळवणच्या डोंगरात गवत पसंत करायला नेत होतो.

त्यामागे एक भांडण होतं. ताईच्या घरामागे मुरमाड माळ आहे, तिथे कांदा तर सोडाच, तणही रुसून बसतं. विकतचा चारा आणून आणून दाजी कंटाळले आणि त्यांनी चारही गाई विकायचं काढलं. ताईने अबोला धरला. शेवटी तोड निघाली ती अशी : माळावर येईल असं गवत शोधायचं, आणि चंद्रीने ते आवडीने खाल्लं तर गाई राहतील. तिने तोंड फिरवलं, तर येत्या बाजाराला चौघींची रवानगी. ताईचा वकील म्हणून मी नाशिकहून आलो होतो. मी कचेरीत फायली सरकवणारा माणूस. गवतातलं मला कळतं ते एका पुस्तिकेपुरतं. तिच्यात मारवेल गवताची भरपूर स्तुती होती, म्हणून मी मारवेलच्या पक्षाचा.

मनमाड, चांदवड मागे टाकून देवळ्याला चहाला थांबलो. टपरीवाल्याने पिकअपमध्ये डोकावून अहिराणीत विचारलं, “गाय कोठे ली चालनात भाऊ?” (कुठे घेऊन निघालात?)

“गवत पसंत करायला,” मी म्हणालो.

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग चंद्रीकडे. “मंग गाय तुमनापेक्षा हुशार शे,” म्हणाला.

दाजी मात्र चहा घाईने संपवून उठले. “तुम्ही भजी खा निवांत, मी चंद्रीला पाणी दाखवतो.” गाई विकायला निघालेल्या माणसाचं हे गायप्रेम मला नवीन होतं, पण भजी गरम होती. मी आणखी एक प्लेट सांगितली.

कळवण सोडलं आणि रस्ता डोंगरात शिरला. श्रावण असल्याने दोन्ही अंगांना इतकं हिरवं होतं की चंद्री मागे उभ्या उभ्या हंबरत होती. एका पाड्यावर भिमाआजी राहतात. बचत गटाच्या मेळाव्यात ताईची त्यांच्याशी ओळख झाली होती. त्यांच्या घरामागे कुरण (गवतासाठी राखलेलं रान) आहे. आजींनी आधी नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी पुढे ठेवली. चटणी इतकी झणझणीत, की दाजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला बरं वाटलं.

जेवणानंतर आजींनी तीन पेंढ्या कापून आणल्या : मारवेल, पवन्या आणि कुसळी. मी म्हणालो, “सोडायची का चंद्रीला? पहाटेपासून उपाशी आहे बिचारी.” मनात म्हटलं, भुकेली गाय तिन्ही पेंढ्या फस्त करील आणि आपण जिंकू.

आजींनी हात आडवा केला. “उपाशी गाईला काय इचारतो? ती गोणपाट बी खाईल. आमच्यात पोट भरलेल्या गाईलाच इचारत्यात. भरल्या पोटी जे खाईल, ते तिचं खरं.”

दाजींचा चेहरा उजळला. “मग सोडा की! पोट टम्म आहे तिचं. देवळ्याला दोन घमेली सरकी पेंड घातलीय मी.”

असं होतं तर ते पाणी दाखवणं! भरलेल्या पोटाने गाय गवताला तोंड लावणार नाही आणि बाजार पक्का होईल, हा यांचा डाव. मला संताप आला, आणि ताईचा चेहरा आठवून भीतीही वाटली. मग मीही सोवळं सोडलं. कडब्यावर मिठाचं पाणी शिंपडलं की गुरं तो आवडीने खातात, एवढं ताईकडे पाहिलेलं होतं. हात धुवायच्या निमित्ताने आत गेलो, आजींच्या बरणीतलं मूठभर मीठ तांब्यात कालवलं आणि दोघांची पाठ वळताच मारवेलवर ओतलं.

चंद्रीला सोडलं. ती सरळ मारवेलकडे गेली आणि मी दाजींकडे तुच्छतेने पाहिलं. तिने पेंढी चाटली, उलटीपालटी करून पुन्हा चाटली, पार धुऊन काढली, आणि एक काडीही न खाता पुढे निघाली. कुसळी नुसती हुंगली. पवन्यापाशी मात्र थांबली आणि डोळे अर्धवट मिटून सावकाश चघळायला लागली, ती पेंढी संपेपर्यंत.

आजींनी मारवेलवर बोट फिरवून जिभेला लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. “मीठ.”

दाजी हसून हसून खाटेवर बसले. “वकीलसाहेब कॉपी पुरवतात! परीक्षा रद्द. बाजार पक्का.”

“का रद्द?” आजी म्हणाल्या. “तू पेंडीनं फसवाया गेला, ह्यो मिठानं. गाय फसली का? नाय ना? मंग परीक्षा खरी. पवन्या मुरमात लय चांगलं धरतं. ठोंब (मुळासकट काढलेले कोंब) घेऊन जा. पण पहिलं साल गाय आत सोडायची नाय, कापून घालायचं.”

“कापणार कोण?” दाजींनी विचारलं.

“पेंड कोणी घातली?” आजी म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर ठोंबांची दोन पोती आणि चंद्री मागे, आणि पुढे आम्ही दोघे. एकमेकांना हसण्याची सोय कुणालाच उरली नव्हती. गवत निवडायला म्हणून मी निघालो होतो, पण दिवसभरात गवताचा विचार एकट्या चंद्रीने केला. आम्ही दोघे फक्त एकमेकांना हरवायच्या मागे होतो, आणि त्या नादात ताईच्या गाई मी जवळजवळ घालवल्या होत्या. त्याची मला खरंच लाज वाटली.

संध्याकाळी ताई फाटकातच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. दाजींना म्हणाली, “गाई राहणार की जाणार, एवढंच सांगा.”

दाजींनी पोतं खांद्यावर घेतलं आणि माळाकडे चालू लागले.

“मला काय विचारतेस?” ते म्हणाले. “ती ठरवून आलीय. कुदळ दे.”